पाच दिवसांचं शिबिर छान झालं, मग लेकरं गेली कुठे?

तुम्ही लिहिलंय की मे महिन्यात गावच्या शाळेत पाच दिवसांचं निवासी शिबिर घेतलं, बासष्ट मुलंमुली आली, निघताना कितीतरी जणांच्या डोळ्यांत पाणी होतं. जूनमध्ये त्याच मुलामुलींच्या मंडळाची पहिली बैठक लावली तर एकोणीस जण आले, ऑगस्टमध्ये चार. आता तुमचे प्रश्न तीन आहेत: जीवनकौशल्यांचा चांगला अभ्यासक्रम कुठे मिळेल, मुलींना घरचे का पाठवत नाहीत आणि पैसा कुठून आणायचा. मी मराठवाड्यातल्या केज आणि कळंब तालुक्यांतल्या, मांजरा नदीच्या दोन्ही अंगांच्या गावांत बावीस वर्षं हेच काम करते आहे. तिन्ही प्रश्नांवर लिहिते, पण मला दिसते ती अडचण या तिन्हींच्या अलीकडची आहे.

तुम्ही शिबिराचं वेळापत्रक सोबत दिलं ते बरं केलंत. सकाळी व्यायाम, मग संवादकौशल्य, ध्येयनिश्चिती, ताणतणाव, व्यसनमुक्ती अशी रोज तीन सत्रं, संध्याकाळी खेळ, रात्री गाणी आणि नकला. पाहुणे नऊ. स्वयंपाकाला आचारी. पैसे तुमच्याकडे, किल्ल्या तुमच्याकडे, भांडण झालं की सोडवायलाही तुम्हीच. पाच दिवसांत त्या बासष्ट लेकरांनी मिळून एक तरी गोष्ट ठरवली का, आणि ठरवलेलं चुकलं म्हणून ते निस्तरलं का? वेळापत्रकात मला तशी एकही जागा सापडली नाही. मुलं आली, ऐकून गेली, खेळून गेली. मंडळाच्या बैठकीत पुन्हा ऐकायचंच असेल, तेही खेळ आणि जेवणाशिवाय, तर ती कशाला येतील? मुलं कंटाळली किंवा पालक उदासीन आहेत असा अर्थ तुम्ही काढलाय. मला तो पटत नाही. मंडळात मुलांच्या हातात काहीच नव्हतं, एवढंच झालंय.

अभ्यासक्रमाचं आधी सांगून टाकते. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० च्या दशकात मुलांसाठी दहा जीवनकौशल्यं मांडली: स्वतःची ओळख, समानुभूती, चिकित्सक विचार, सर्जनशील विचार, निर्णय घेणं, समस्या सोडवणं, नीट संवाद साधणं, नाती सांभाळणं, भावनांना तोंड देणं आणि ताणाला तोंड देणं. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पुस्तिका याच दहांभोवती फिरतात. कोणतीही एक घ्या, पण ती तुमच्यासाठी ठेवा, मुलांना वाटू नका. मंडळात एखादं काम निघालं की त्यात यातलं काय लागतंय ते तुम्हाला ओळखता आलं पाहिजे, इतकाच तिचा उपयोग. 'आज आपण समानुभूती शिकणार आहोत' असं म्हणून ती कुणाला आल्याचं मी पाहिलेलं नाही. ती कशी येते ते पुढे भाकरीच्या गोष्टीत सांगते.

नुसत्या शिबिरानं भागत नाही हे आपल्याकडच्या जुन्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. मुला-तरुणांत काम करणाऱ्या राष्ट्र सेवा दलाचं काम १९४१ पासून उभं राहिलं ते शाखेच्या, म्हणजे वस्तीतल्या नियमित जमण्याच्या आधारावर. शिबिरं मोठी होत, गाजत, पण मूल घडायचं ते घराजवळच्या शाखेत. महाविद्यालयातल्या मुलांसाठीची राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये सुरू झाली, तिची रचना पाहा: स्वयंसेवकानं दोन वर्षांत २४० तास नियमित काम करायचं आणि त्याच काळात सात दिवसांचं एक विशेष शिबिर. म्हणजे शिबिर सात दिवसांचं आणि बाकीचं काम दोन वर्षं चालणारं. कितीतरी महाविद्यालयांत ते २४० तास वहीत भरले जातात आणि शिबिर तेवढं खरं होतं, ही गोष्ट वेगळी. बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. तिथेही भाषणं असतात, पण दिवस उजाडतो तो कुदळ-फावड्यानं. मे महिन्याच्या उन्हात शेजारच्याबरोबर घमेलं ओढल्यावर दुपारी ऐकलेल्या भाषणाला काहीतरी अर्थ येतो.

आता माझी एक चूक सांगते, कारण तुमच्या शिबिराच्या शेवटच्या दिवसात ती मला दिसली. सुरुवातीच्या वर्षांत मीही समारोपाला शपथ घ्यायला लावायची. हात पुढे करून साठ-सत्तर मुलं एका आवाजात म्हणायची की हुंडा घेणार नाही, गुटखा खाणार नाही, अठराच्या आत लग्न करणार नाही. ऐकताना अंगावर काटा यायचा. पुढे तीन वर्षांत त्यातल्या दोन मुलींची लग्नं सोळाव्या-सतराव्या वर्षी झाली. एक मुलगी माहेरपणाला आली तेव्हा मला पाहून तोंड चुकवून निघून गेली. शपथ मोडली याची तिला लाज वाटत होती. ज्या निर्णयात तिला कुणी विचारलंच नव्हतं, त्याची जबाबदारी मी तिच्या गळ्यात बांधली होती. त्यानंतर मी शपथ बंद केली. मुलांच्या हातात नसलेल्या गोष्टींची प्रतिज्ञा त्यांच्याकडून घेऊ नये, आणि जे खरंच त्यांच्या हातात देता येतं ते शोधून द्यावं, एवढं मी त्यातून घेतलं.

पहिली द्यायची गोष्ट म्हणजे पैसा. थोडाच, पण त्यांचा स्वतःचा.

आमच्या प्रत्येक मंडळाला एक डबा असतो. आठवड्याची वर्गणी बहुतेक ठिकाणी पाच रुपये. ज्याला जमत नाही त्यानं काय द्यायचं ते मुलंच ठरवतात. कुठे दोन रुपये, कुठे शाळेचं अंगण झाडून द्यायचं. खजिनदार दर चार महिन्यांनी बदलते. एका गावात तेरा वर्षांची मुलगी खजिनदार असताना वहीत ३४० रुपये शिल्लक निघाले आणि डब्यात ३०५. शाळेच्या व्हरांड्यात वीस-बावीस जण गोल करून बसलेले. एक मोठा मुलगा लगेच म्हणाला, "तिच्याकडून भरून घ्या." मुलगी काही बोलेना, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत बसली. माझा हात पिशवीत गेला होता. पस्तीस रुपये टाकले असते तर पाच मिनिटांत विषय संपला असता. मी हात बाहेर काढला आणि गप्प बसले. फार जड गेलं ते.

दीड तास गेला. आधी आरडाओरड झाली, मग एकीनं वही मागितली आणि एकेक नोंद मोठ्यानं वाचायला लावली. वाचता वाचता कुणीतरी म्हणालं, "बॉलचं पंक्चर काढलं होतं की, ते कुठं लिहिलंय?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. ज्यानं 'भरून घ्या' म्हटलं होतं त्याच मुलानं खाली मान घालून सांगितलं की पंक्चर आणि पंपाची सुई मिळून पस्तीस झाले होते, डब्यातून त्यानंच घेतले होते आणि लिहायला सांगायचं राहून गेलं. थोड्या वेळानं तो तिला 'चुकलं माझं' म्हणाला, सगळ्यांसमोर. त्याच बैठकीत तीन नियम झाले: डबा दोघांनी मिळून उघडायचा, पैसे द्यायच्या आधी वहीत लिहायचं आणि दर बैठकीत शिल्लक मोजून सही करायची. हे नियम मी सांगितले असते तर महिनाभर टिकले असते. त्या मंडळात ते अजून चालू आहेत. आता तुमच्याकडच्या पुस्तिकेतली दहा कौशल्यं समोर ठेवून मोजा, त्या दीड तासात किती आली ते.

डबा भरत आला की बँकेत किंवा पोस्टात जा. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतः व्यवहार करता येईल असं बचत खातं काढता येतं. मुलामुलींची वैयक्तिक खाती काढून द्या. फॉर्म त्यांनाच भरू द्या, रांगेत त्यांनाच उभं राहू द्या, तुम्ही बाहेर बाकावर बसा. मंडळाची नोंदणी करून मंडळाच्या नावे खातं काढण्याची घाई मात्र करू नका. त्यासाठी प्रौढ पदाधिकारी लागतात आणि अध्यक्ष कोण यावरून गावातले गट मंडळात शिरतात. निदान दोन वर्षं वही-डब्यावर चालवा.

दुसरी गोष्ट शिबिराची. शिबिर घ्याच, पण बासष्ट जणांचं नको. तीसच्या वर मुलं गेली की शिस्तीसाठी शिट्टी वाजवावी लागते आणि शिट्टी आली की पुन्हा सगळं तुमच्या हातात येतं. दिवस तीन पुरतात. आधीचे तीन आठवडे मात्र मुलांच्या बैठका घ्या. किती जण, काय शिजवायचं, किती धान्य लागेल, पाणी कुठून आणायचं, कोण कुठे झोपेल, सगळं त्यांनी कागदावर मांडायचं. आचारी लावू नका. पाणी, स्वयंपाक, सफाई आणि कार्यक्रम असे चार गट करा, कामं दर दिवशी फिरवा आणि गटात मुलंमुली, वरची वस्ती, खालची वस्ती मिसळलेली असू द्या. एका शिबिरात मुलांनी पोह्यांचा अंदाज चुकवला आणि शेवटच्या सात जणांना सकाळी काहीच उरलं नाही. दुपारी त्यांनीच बसून ठरवलं की स्वयंपाक करणाऱ्या गटानं शेवटी जेवायचं. त्या दिवसापासून अंदाज चुकला नाही.

आता भाकरीची गोष्ट. एका शिबिरात एका गटावर स्वयंपाकाची पाळी आली. दहावीतला एक मुलगा, अंगानं दणकट, कबड्डीत कुणाला ऐकायचा नाही, ज्वारीच्या पिठासमोर बसला. थंड पाण्यात पीठ भिजवलं, मळलं न मळल्यासारखं केलं आणि परातीत थापायला घेतलं. कडा फाटल्या. उचलायला गेला तर भाकरी दोन हातांत दोन तुकडे. तिसरी कशीबशी तव्यावर पडली, तर वरून पाणी फिरवायचं राहिलं आणि ती भेगाळली. त्याची बहीण पाण्याच्या गटात होती. हंडा ठेवायला आली, बघून म्हणाली, "कोमट पाणी घे, आणि जोर लावून मळ, पिठाला चिकटपणा येईस्तोवर." अकरा भाकऱ्या व्हायला त्याला सव्वा तास लागला. धुरानं डोळे लाल. मग त्यानं तिला विचारलं, "तू रोज किती करतीस गं?" ती म्हणाली, "सकाळी चौदा. रात्री दहा-बारा." तो काही बोलला नाही.

घरी जाऊन तो रोज भाकरी थापायला लागला असं मी म्हणणार नाही, तसं झालं नाही. पण महिन्याभरानं मंडळाच्या बैठकीची वेळ ठरत होती, पोरांनी संध्याकाळी साडेसहा म्हटलं, तेव्हा तोच मुलगा म्हणाला, "साडेसहाला पोरींना जमणार नाही, भाकरीची वेळ असती." बैठक पाचला ठरली. मी वर समानुभूती म्हटलं ती ही. शिबिरात तिची सुरुवात झाली, पण ती कामाला आली मंडळाच्या बैठकीत. मंडळ नसतं तर त्या सव्वा तासाची मजेशीर आठवण तेवढी उरली असती.

यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. मुलींना घरचे पाठवत नाहीत असं आपण म्हणतो, पण तुमची बैठक किती वाजता आणि कुठे होते? तुम्ही लिहिलंय, मारुतीच्या पारावर, संध्याकाळी सातला. पारावर गावातले बाप्ये बसलेले असतात. तिथून नुसतं जायचं तरी मुलगी डोक्यावरून ओढणी घेते, मग तिथे तासभर बसून बोलणार कशी? समाजमंदिर निवडलं तर ते ज्या वस्तीत आहे तिथलीच मुलं येतात, बाकीच्यांच्या घरून नाही म्हणतात, आणि कारण कुणी तोंडानं सांगत नाही. आमच्या अनुभवात जिल्हा परिषद शाळेचा व्हरांडा सगळ्यांना चालतो, कारण तिथे मूल जाणं हे कुणालाच खटकत नाही. मुख्याध्यापकांशी बोलून शाळा सुटल्यावरचा तास मागून घ्या. आठवडी बाजाराचा दिवस टाळा. शेजारच्या वाडीवरून मुलं येत असतील तर एसटीची वेळ पाहा.

उरलेलं अर्धं उत्तर आयांकडे आहे. शिबिराआधी मुलीच्या घरी एकदा नाही, दोनदा जा, आणि दुसऱ्यांदा जाताना सोबत बाई हवी. अंगणवाडीताई किंवा आशाताई आल्या तर फारच चांगलं, कारण त्यांचं येणं-जाणं उंबऱ्याच्या आतपर्यंत असतं. आई चार गोष्टी विचारणार, तोंडानं नाही तर नजरेनं: रात्री मुली कुठे झोपणार, त्यांच्याजवळ कोण असणार, संडास कुठे आहे आणि पाळी आली तर काय. या चारांची उत्तरं न विचारता द्या. मुक्कामाला निदान दोन बायका, मुलींच्या खोलीला आतून कडी, दिवे असलेला संडास आणि एका पेटीत पॅड. आयांना सांगा, कधीही न कळवता या आणि बघून जा. पहिल्या शिबिरात आमच्याकडे रात्री नऊला चार आया टॉर्च घेऊन आल्या होत्या. त्या पोरींबरोबर जेवल्या आणि पुढच्या वर्षी त्यांनीच शेजारणींना तयार केलं. मुक्कामाला घर तयार नसेल तर भांडू नका, त्या मुलीला दिवसाची शिबिरार्थी म्हणून घ्या.

जेवणाच्या पंगतीबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. पाणी कोण भरतं, वाढतं कोण आणि कोण कुणाशेजारी बसतं हे शिबिराच्या पहिल्या जेवणाला नीट बघा. सगळे एकत्र बसलेत असं लांबून दिसतं, आणि जवळ गेलं की एका बाजूचे चार जण आपलं ताट थोडं सरकवून बसलेले असतात. त्यावर भाषण करू नका. कामांच्या पाळ्याच अशा लावा की माठाला प्रत्येकाचा हात लागेल आणि प्रत्येकाच्या हातचं प्रत्येकजण खाईल. कुणा पालकानं येऊन तक्रार केली तर ती तुम्ही अंगावर घ्या, मुलांवर येऊ देऊ नका. एका गावात यावरून पाच मुलं घरच्यांनी काढून घेतली. आम्ही पाळी बदलली नाही. पाचातली तीन पुढच्या वर्षी परत आली, दोन कधीच आली नाहीत. इथे तडजोड केली तर बाकी सगळं फुकट आहे असं मला मनापासून वाटतं.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. तुमचं गाव उसतोडीचं आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आमच्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊस तोडायला जाणाऱ्या मजुरांच्या टोळ्या हलतात आणि गाव अर्धं रिकामं होतं, मार्च-एप्रिलपर्यंत. अशा गावात दिवाळीच्या सुट्टीत शिबिर म्हणजे ज्यांना सगळ्यात गरज आहे त्यांनाच वगळणं. आम्ही म्हणून श्रावणात, पंधरा ऑगस्टला जोडून घेतो. सोयाबीनची खुरपणी-फवारणी झालेली असते, विहिरींना पाणी असतं, सगळी मुलं गावात असतात. पाऊस येतो, पण शाळेचं छप्पर पुरतं. मेमध्ये पाण्याचे हाल आणि लग्नाची धामधूम. तुमच्याकडे स्थलांतर नसेल आणि पाणी मुबलक असेल तर मे चालेल.

आईबापांबरोबर उसाच्या फडावर गेलेल्या मुलांचं नाव आम्ही हजेरीतून काढत नाही. त्यांच्यापुढे 'गैरहजर' लिहीत नाही, 'फडावर' लिहितो. बैठक झाली की मोठी मुलं फोनवर बोलून दोन मिनिटांचा निरोप रेकॉर्ड करून पाठवतात, काय ठरलं, डब्यात किती शिल्लक आहे. गावात आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहिलेली लेकरं असतात, हिवाळ्यात मंडळ त्यांच्यावर चालतं. आठ जण असले तरी चालतं. एप्रिलमध्ये टोळी परत आली की फडावरून आलेल्या मुलांना पहिल्या बैठकीत बोलायला सांगतात. एका पोरानं कारखान्याच्या काट्यावर ऊस कसा मोजतात आणि टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या वहीतली उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, कशी फिटत जाते ते इतकं नेमकं सांगितलं होतं की शाळेतले सरही ऐकत बसले. ज्याला आपण मागं पडलेला म्हणतो त्याच्याकडे गावातल्या कुणाकडे नाही असं ज्ञान होतं.

वयाचंही बघा. तुम्ही अकरा ते बावीस सगळ्यांना एकत्र बसवलंय. सरकारी योजनांत युवा म्हणजे १५ ते २९, आणि नेहरू युवा केंद्रामुळे १९७२ पासून गावोगाव युवक मंडळं ऐकिवात आहेत. पण त्या पाट्यांखाली बहुतेक वेळा पंचविशीतले पुरुषच दिसतात. बारा वर्षांची मुलगी त्यांच्यासमोर तोंड उघडत नाही. अकरा ते चौदा आणि पंधरा ते एकोणीस असे दोन गट करा, आणि मोठ्यांतले दोन-दोन जण लहानांची बैठक चालवतील असं बघा. गटात चौदा-पंधरा मुलं असली की सगळ्यांना बोलायला मिळतं.

काही बाबतींत मात्र मी मुलांवर सोपवत नाही. विहिरीत किंवा बंधाऱ्यात पोहणं शिबिरात पूर्ण बंद, कितीही पोहता येत असलं तरी. रात्री विंचू-सापाची भीती खरी असते, म्हणून सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन कोणत्या सरकारी दवाखान्यात आहे ते आधी जाऊन विचारून ठेवा, गाडी तयार ठेवा आणि रुग्णवाहिकेचा १०८ हा नंबर भिंतीवर लिहा. पालकांची लेखी संमती घ्या. मुलं जवळ आली की कधीतरी एखादी मुलगी घरातली किंवा शेजारची भयंकर गोष्ट सांगते. तेव्हा 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं लैंगिक अत्याचाराची माहिती कळलेल्यानं ती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. तिला सांगा की मी तुझ्या सोबत आहे आणि आपल्याला मदत घ्यावी लागेल.

बालविवाहाचंही तसंच. आमच्या भागात ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी मिळून 'एक कोयता' म्हणून धरली जाते, उचल जोडीला मिळते, म्हणून लग्नाची घाई होते. नुसती जनजागृती याला पुरत नाही. मंडळातल्या मुलामुलींना हे माहीत असावं की मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस ही मर्यादा आहे, गावात ग्रामसेवक (आता पद ग्रामपंचायत अधिकारी) हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो आणि मुलांच्या मदतीचा १०९८ हा नंबर चोवीस तास चालतो. पण तक्रार मुलांच्या नावानं जाऊ देऊ नका. ती तुम्ही करा किंवा आशाताईंना, अंगणवाडीताईंना सोबत घेऊन करा. मुलाला त्याच गावात, त्याच भावकीत राहायचं असतं. मंडळानं करायचं काम त्याच्या आधीचं: मैत्रीण शाळेत यायची थांबली की दुसऱ्याच दिवशी दोघींनी तिच्या घरी जायचं, पुस्तक मागायचं निमित्त काढून. आमच्याकडे तीन लग्नं लांबली ती अशा निमित्तांमुळे. एकीचे वडील नंतर म्हणाले, "रोज पोरी दारात यायच्या, मग मलाच कसंतरी वाटायला लागलं."

आता पैसा. बाहेरून मोठी देणगी आणू नका, निदान पहिली दोन वर्षं. तीस मुलांच्या तीन दिवसांना घरटी दोन किलो ज्वारी आणि पाव किलो डाळ गोळा केली की मुख्य जेवण निघतं. तेल, भाजी, गूळ, चहा आणि गॅस किंवा सरपण यांना रोख लागते, ती वर्गणीतून आणि गावातल्या दुकानदारांकडून उभी राहते. धान्य मागायला मुलांनीच दारोदार जायचं, पावती फाडायची आणि शिबिर झाल्यावर त्याच दारांवर जाऊन हिशोब वाचून दाखवायचा. हा शेवटचा भाग कुणी करत नाही, आणि गावाचा विश्वास तिथेच बसतो.

त्याच्या पुढचा टप्पा ग्रामपंचायतीचा. पंचायतीनं आपल्या उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. अठराखालच्यांना ग्रामसभेत मत नाही, पण मंडळातल्या मोठ्या मुलांनी निवेदन लिहून त्या दहा टक्क्यांचं काय झालं हे विचारायला हरकत नाही. आमच्या एका मंडळातल्या मुलींनी शाळेच्या मुलींच्या संडासाला दार आणि पाणी मागितलं. पहिल्या सभेत गणपूर्ती झाली नाही. दुसऱ्या सभेत वाचणाऱ्या मुलीचा कागद इतका थरथरत होता की तिनं तो शेवटी खाली ठेवला आणि न बघता बोलली. सरपंच बाईंनी विचारलं, "दाराला किती खर्च येतो?" मुलींनी सुताराकडून आकडा लिहून आणला होता. दार सात महिन्यांनी बसलं. पाण्याची टाकी अजून यायची आहे, त्या मागे लागल्यात.

तुम्ही स्वतः काय करायचं, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण सगळ्यात अवघड तोच आहे. गप्प बसायला शिका. बैठकीत मुलं चुकीचं ठरवताना दिसतील. जिवाला किंवा कुणाच्या इज्जतीला धोका नसेल तर ठरवू द्या. मी एक वही ठेवते, बैठकीत जे बोलावंसं वाटतं ते तिच्यात लिहिते आणि बैठक संपल्यावर वाचते. त्यातलं निम्म्याहून जास्त कुणीतरी मुलानं बोलून टाकलेलं असतं. उरलेलं पुढच्या वेळी प्रश्न म्हणून विचारते.

थोडक्यात, तुमच्या जागी मी असते तर आता मोठ्या शिबिराची तयारी सोडून दिली असती. ऑगस्टला आलेल्या त्या चौघांना बोलावलं असतं, शाळेच्या व्हरांड्यात, पाचच्या आत. एक रिकामा डबा आणि शंभर पानी वही मध्ये ठेवली असती आणि विचारलं असतं की गावात तुम्हाला खटकणारी, आपल्याला तीन आठवड्यांत करता येईल अशी एक गोष्ट कोणती. उत्तर क्रिकेटची खेळपट्टी असं आलं तरी चालेल. त्या खेळपट्टीवर मुली कधी खेळणार हा प्रश्न दुसऱ्या आठवड्यात तुम्ही विचारा. चार टिकले की बारा होतात, बारांचं एक दिवसाचं शिबिर करा, पुढच्या श्रावणात तीन दिवसांचं. चौघांत मुलगी एकही नसेल तर पहिल्याच आठवड्यात अंगणवाडीताईंना सोबत घेऊन दोन घरी जाऊन या. बैठकीचा वार ठरला आणि पहिली शिल्लक वहीत चढली की मला कळवा, पुढच्या अडचणी तिथून सुरू होतात आणि त्यांवर बोलायला मला आवडेल.